बारावं प्रमाणपत्र

गुरुवारी दुपारी चारला वीस मिनिटं कमी असताना औषध विभागातल्या ताईंचा निकाल लागला. शंभरपैकी शंभर. त्याखाली लाल चौकटीत दोन ओळी होत्या : ‘सहा तासांचा अभ्यासक्रम आपण एकतीस मिनिटांत पूर्ण केला आहे. आपला निकाल पडताळणीसाठी राखून ठेवण्यात येत आहे.’

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळी जागच्या हलल्या नव्हत्या.

खरं तर एकतीस मिनिटंही जास्तच झाली होती. मध्ये खिडकीशी दोन माणसं येऊन गेली होती. एकाला मलम हवं होतं आणि दुसऱ्याला कालच्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर, हे तिसऱ्यांदा विचारायचं होतं. नाहीतर पंचविसात आटपलं असतं. ‘नियंत्रित औषधे : नवे धोरण आणि आपली जबाबदारी’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम ताई त्या महिन्यात बाराव्यांदा करत होत्या. आधीचे अकरा त्यांनी अकरा वेगवेगळ्या माणसांच्या नावाने केले होते. ती अकराही माणसं पास झाली होती.

हॉस्पिटल चाळीस खाटांचं. औषध विभागाच्या मागे एक छोटी खोली, खोलीत भिंतीत पक्कं बसवलेलं पोलादी कपाट, आणि कपाटात मॉर्फीन व तशाच कडक बंदोबस्तातली आणखी पाच औषधं. कपाट उघडायला दोन माणसं लागत. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने शेजारच्या संगणकावर नोंद करायची, मग दोघांनी रजिस्टरात सही करायची. गेली सतरा वर्षं त्या दोघांतल्या एक ताई असत. दुसरं कोण, हे त्या क्षणी कोणाचा हात रिकामा आहे यावर ठरे.

नव्या धोरणाने त्यात एक कलम घातलं होतं. येत्या सोमवारपासून, या वर्षीचं प्रमाणपत्र नसलेल्या माणसाने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. दारात जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवूनही झाली होती. ती ताईंनीच चिकटवली होती, फूटपट्टी धरून, सरळ.

दुसऱ्यांचे अभ्यासक्रम करण्याचं लचांड सहा वर्षांपूर्वी मागे लागलं. मोठे डॉक्टर, म्हणजे ज्यांचं हे हॉस्पिटल आणि ज्यांच्यापुढे बाकीचे डॉक्टर आपोआप धाकटे ठरत ते, त्यांचा व्हिडिओ तिसऱ्या मिनिटाला अडकून बसला. त्यांनी लॅपटॉप उचलला आणि औषधांच्या खिडकीतून आत सरकवला. “ताई, तुम्हाला हे सगळं पाठच आहे. एवढं जरा बघता का?” ताईंनी बघितलं. चूक झाली ती तिथे. मग हेड सिस्टर आल्या, त्यांच्या मागून भूल देणारे डॉक्टर, मग एकेक करत बाकीचे. पुढे ती पद्धतच पडली. दर दोन वर्षांनी अभ्यासक्रमाची सूचना आली की लोक आपापला पासवर्ड कागदावर लिहून औषधाच्या चिठ्ठीसारखा खिडकीत ठेवून जात. ताई त्यावर तारीख घालत आणि आलेल्या क्रमाने काम करत. स्वतःचा नंबर शेवटी.

कामात चालढकल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. या वर्षी धोरण खरोखरच बदललं होतं, म्हणून पहिला, मोठ्या डॉक्टरांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन दुपारी बसून, वहीत टिपणं काढत, पावणेसहा तासांत केला. हेड सिस्टरांचा चार तासांत. सहाव्यापर्यंत सगळं तोंडपाठ झालं होतं आणि व्हिडिओ आवाज बंद करून चालू राही, ताई शेजारी बसून साठा मोजत. सगळ्यांना शंभर गुण पडले तर डोळ्यावर येईल, म्हणून त्या प्रत्येकाच्या दोन-चार चुका करत, आणि त्याही ज्याच्या त्याच्या स्वभावाला धरून. हेड सिस्टरांना घाई फार, म्हणून त्यांच्या चुका लांबलचक प्रश्नांत. भूलवाले डॉक्टर स्वतःला शहाणे समजत, म्हणून त्यांच्या चुका अगदी सोप्या प्रश्नांत. मागच्या खेपेला मोठ्या डॉक्टरांना भूलवाल्यांपेक्षा दोन गुण कमी पडले होते आणि ते आठवडाभर तोंड फुगवून होते. या खेपेला त्यांना अठ्ठ्याण्णव दिले. स्वतःच्या नावावर मात्र एकही चूक करायला ताई तयार नव्हत्या. शुक्रवारी मुदत संपत होती, म्हणून या बाराव्या वेळी त्यांनी व्हिडिओ चालूही केले नाहीत. सरळ प्रश्नांना हात घातला.

मदतकक्षाचा फोन एकविसाव्या मिनिटाला लागला. पलीकडच्या बाई गोड आवाजात समोरचा कागद वाचत होत्या.

“आपण व्हिडिओ पाहिलेले नाहीत, मॅडम.”

“उत्तरं सगळी बरोबर आहेत ना?”

“हो, सगळीच. म्हणूनच निकाल अडकलाय.”

“आणि चार चुकली असती तर?”

“तर बहुतेक…” बाईंनी कागद उलटला. “ते मला सांगता येत नाही, मॅडम. हा अभ्यासक्रम आपण याआधी पाहिलाय का?”

“पाहिलाय.”

“किती वेळा?”

“अकरा,” ताईंच्या तोंडून निघून गेलं.

“इथे एकच अंक बसतो.”

“मग नऊ लिहा.”

“नऊ वेळा?” बाई पहिल्यांदाच कागदातून बाहेर आल्या. “कशाला हो?”

“आवड आहे.”

खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. ताईंनी ते वाक्य मनात म्हणूनही पाहिलं. पण त्यामागे काय काय येणार हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. धोरणाचा पाचवा भाग सगळा त्यावरच होता. अकरा प्रमाणपत्रं रद्द. कपाटाला सील. निरीक्षक येऊन जाईपर्यंत, म्हणजे कमीत कमी महिनाभर, एक गोळी बाहेर नाही. वॉर्डात सध्या त्या कपाटातलं काही लागणारा पेशंट नव्हता. पण बाहेर एक होता.

ते चित्रकलेचे मास्तर. दुखणं हाडांत उतरलेलं. दर दुसऱ्या मंगळवारी साडेदहाला त्यांची बायको कापडी पिशवी घेऊन येई आणि चौदा दिवसांच्या मॉर्फीनच्या गोळ्या घेऊन जाई. येताना आधीच्या गोळ्यांची रिकामी खोकी परत आणायची असत. मास्तर त्या खोक्यांवर पेन्सिलीने चित्रं काढत. ते स्वतः कित्येक महिन्यांत घराबाहेर पडले नव्हते. बायको घरी जाऊन जे सांगे ते काढत. खिडकीशी वाद घालणारा माणूस. हात धुणाऱ्या सिस्टर. ताईंनी ती खोकी खणात जपून ठेवली होती. मास्तरांच्या गोळ्या येत्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत पुरणार होत्या, आणि असं कपाट आसपासच्या दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात नव्हतं.

ते एक वाक्य ताईंनी गिळलं.

“मग आता काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“तोंडी पडताळणी. आपल्याच संस्थेतल्या, सर्वाधिक गुण मिळवलेल्या व्यक्तीने आपली परीक्षा घ्यायची. आमचे निरीक्षक पडद्यावरून पाहतील. आपल्याकडे सर्वाधिक गुण… अठ्ठ्याण्णव. मोठे डॉक्टर दिसताहेत. हुशार आहेत हं! मंगळवारी दुपारी बाराची वेळ देते.”

“उद्या नाही का जमणार?”

“उद्या आमचं प्रशिक्षण आहे, मॅडम.”

मोठे डॉक्टर तपासणीच्या खोलीत चहा पीत होते. ताईंनी सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या कानात त्यातला एकच आकडा शिरला.

“अठ्ठ्याण्णव? मला? भूलवाल्याला किती?”

“ब्याण्णव. डॉक्टर, तुम्हाला माझी तोंडी परीक्षा घ्यायची आहे.”

“घेऊ की.” त्यांनी कप खाली ठेवला. “म्हणजे काय विचारायचं?”

“अभ्यासक्रमातलं.”

“मग असं करा, प्रश्न तुम्हीच काढून द्या. उत्तरंही लिहून ठेवा शेजारी. मी मान डोलवीन.”

“माझ्या परीक्षेचा पेपरही मीच काढायचा?”

“अहो, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही, हे मी सगळ्यांना सांगतो.”

“ते पान मंगळवारी साडेदहाला माझ्याशिवाय हलायला पाहिजे,” ताई म्हणाल्या. “मास्तरांचं औषध आहे. मला पट्टीच्या आत येता येणार नाही. तुम्ही आणि सिस्टर, दोघांनी काढायचं. फॉर्म बदललाय, संगणकावरची नोंद बदललीय. अभ्यासक्रमाचा चौथा भाग तेवढा बघून ठेवा, चाळीस मिनिटांचा आहे. ही माझी वही. नवे फॉर्म उद्या तुमच्या उजव्या खणात आणून ठेवते.”

“बघतो की.”

हे ‘बघतो’ ताईंना सतरा वर्षं माहीत होतं. डॉक्टरांनी वही घेतली आणि उजव्या खणात टाकली. शुक्रवारी ताई नवे फॉर्म ठेवायला गेल्या तेव्हा वही होती तशीच, त्याच कोनात पडलेली होती. त्यांनी फॉर्म वहीखाली सरकवले. एकदम निघतील म्हणून.

ताईंच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. शनिवारी संध्याकाळी त्या तिथे जाऊन बसल्या. तो एका काचेची कड घासत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” तो म्हणाला.

“मी कसली संन्याशी? चोरांना शिडी मीच धरली.”

“मग सांगून टाक. शिडी सोडलीस की पडतील सगळे.”

“आणि मास्तर?”

नवऱ्याने काच उजेडाकडे धरली. शाळेत तो मास्तरांच्या हाताखाली चार वर्षं होता. काच बेतताना त्याचा हात अजून थरथरत नसे, ते त्यांचंच देणं असं तो म्हणे. “मग मंगळवार होऊ दे,” तो म्हणाला. “चौदा दिवसांच्या गोळ्या एकदा पिशवीत पडू देत. मग सांग.”

घरी जाताना ताईंनी चौदा दिवस बोटांवर मोजले.

मंगळवारी साडेदहाला मास्तरांच्या बायको पिशवी घेऊन हजर झाल्या. ताई त्यांना काकू म्हणत. त्यांच्या हातात डॉक्टरांनी नुकताच भरून दिलेला फॉर्म होता. हेड सिस्टर आत गेल्या, मोठे डॉक्टर किल्ली घेऊन त्यांच्या मागून. ताई दारात, पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभ्या राहिल्या. काकूंनी फॉर्म ताईंच्या हातात द्यायला हात पुढे केला, तो सिस्टरांनी वरच्या वर घेतला.

“नंबर घालते,” सिस्टर म्हणाल्या आणि संगणकावर बोटं आपटली. “हे घेत नाहीये.”

“काय घातलंत?”

“आहे तोच नंबर. वर छापलाय तो.”

“कोणत्या शाईत छापलाय?”

“शाईचं काय त्यात? काळ्या.”

“डॉक्टर, तो जुना फॉर्म आहे. नव्याचा नंबर हिरवा आहे. खाली घरी औषध कोण सांभाळणार त्याचं नाव आणि सही लागते.”

“पेशंट तोच, गोळी तीच, डॉक्टर मीच,” डॉक्टर म्हणाले. “फॉर्मने काय आभाळ कोसळतंय?”

“परत घालून बघते,” सिस्टर म्हणाल्या, आणि ताईंचं तोंड उघडायच्या आत त्यांनी बटण दाबलंही. “नाही घेत. दोनदा झालं. म्हणतंय, एक प्रयत्न शिल्लक.”

“तिसऱ्यांदा चुकलं की बहात्तर तास कुलूप!” ताई म्हणाल्या.

“कोण म्हणतं?”

“चौथा भाग म्हणतो!”

“जरा जोरात दाबा, कधीकधी कळ नीट लागत नाही,” डॉक्टर सिस्टरांना म्हणाले, आणि सिस्टरांचं बोट वर गेलं.

“हात लावू नका!”

सतरा वर्षांत ताईंचा आवाज त्या खिडकीच्या पुढे गेला नव्हता. आता तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला. काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. सिस्टरांनी बोट मागे घेतलं आणि भाजल्यासारखं दुसऱ्या हातात धरलं.

“आता कोणी स्वतःचं डोकं चालवायचं नाही,” ताई म्हणाल्या. “डॉक्टर, तुमचा उजवा खण. माझ्या वहीच्या खाली. जा आणा.”

डॉक्टर गेले. फॉर्म घेऊन आले, आणि बरोबर वहीही आणली. तिच्यातलं एक पान पहिल्यांदाच उलटलेलं होतं. ताई पट्टीबाहेरून एकेक ओळ सांगत गेल्या, डॉक्टर भिंतीला टेकवून लिहीत गेले. काकूंनी सही केली. मग सिस्टर पुन्हा संगणकापुढे बसल्या.

“थांबा. आधी परत आलेली खोकी मोजून तो आकडा घाला. त्याशिवाय पुढचं पान उघडणारच नाही.”

“किती भानगडी!” सिस्टर म्हणाल्या.

“तुम्हाला एक्क्याण्णव गुण आहेत, सिस्टर.”

सिस्टरांनी खोकी मोजली. चार. एकावर डोळ्यांवर चष्मा चढवून थर्मामीटर वाचणाऱ्या एक जाड्या बाई होत्या. “ही मी?” त्यांनी विचारलं. मग त्यांनी चारही खोकी खणात टाकली आणि खण लावला. ताईंनी ते पाहिलं. सहाव्या भागात त्यावर एक नियम होता. तेवढा एक त्यांनी सांगितला नाही.

नोंद झाली. कपाट उघडलं. गोळ्या दोनदा मोजून पिशवीत गेल्या.

“पण तुम्ही आज बाहेर का?” काकूंनी जाताना विचारलं.

“माझं शिक्षण राहिलंय, काकू.”

“अगं बाई,” काकू म्हणाल्या. “एवढी वर्षं काढलीत आणि आत्ता कळलं त्यांना?”

बारा वाजता मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला गेला. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला ताई. पडद्यावर निरीक्षकांचं कपाळ आणि त्यावरचा पंखा दिसत होता. ताईंनी प्रश्न काढून दिले नव्हते. शेवटच्या क्षणी देतील अशा आशेवर डॉक्टर पाच मिनिटं त्यांच्याकडे पाहत राहिले. ताई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

“सुरू करा,” कपाळ म्हणालं. “किमान सहा प्रश्न.”

डॉक्टर खाकरले. “जुन्या फॉर्मवरची चिठ्ठी आली तर काय कराल?”

ताईंनी सांगितलं.

“बरोबर! रिकामी खोकी आधी मोजायची की नंतर?”

ताईंनी तेही सांगितलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सकाळी जे दोन नियम कळले होते ते संपले होते. पडद्यावरचा पंखा फिरत होता.

“डॉक्टर?”

“हो, हो.” डॉक्टरांनी कपाळ चोळलं. मग त्यांनी जे विचारलं ते पाठ केलेलं नव्हतं. “समजा, पेशंट घरी गेला. म्हणजे… वारला. आणि गोळ्या शिल्लक राहिल्या. तर?”

“सात दिवसांत इथे परत आणायच्या,” ताई म्हणाल्या. “दोघांसमोर मोजायच्या, नष्ट करायच्या, नोंद करायची. आणि घरच्यांना त्यासाठी पहिल्या दिवशी फोन करायचा नाही. तिसऱ्या दिवशी करायचा. हे धोरणात नाही, हे माझं आहे.”

डॉक्टरांनी पेन काढलं आणि ताईंच्या वहीत लिहून घेतलं. “मी गावाला गेलो आणि मागे पेशंटचं दुखणं वाढलं, तर डोस वाढवायचा अधिकार कोणाला?”

ताईंनी सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. आता त्यांना प्रश्नांची कमी नव्हती. गोळी गिळता येत नसेल तर काय, एकाच घरात दोन पेशंट असले तर काय, चिठ्ठी हरवली तर काय. सहाचे नऊ झाले.

“डॉक्टर, आपण काय लिहिताय?” कपाळ खाली झुकलं आणि पहिल्यांदा त्याखाली डोळे दिसले.

“उत्तरं.”

“परीक्षकाने उत्तरं लिहून घेतलेली मी पहिल्यांदाच बघतोय.”

“गुण द्यायला सोपं पडतं.”

“आपल्या मते उत्तरं बरोबर आहेत?”

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली नाही, भुवईसुद्धा नाही.

“बरोबरच असणार,” डॉक्टर म्हणाले.

“‘असणार’ लिहिता येत नाही.”

“मग ‘आहेत’ लिहा.”

निरीक्षकांनी लिहिलं. “उत्तम. आता शेवटची अट. उमेदवाराने संपूर्ण अभ्यासक्रम एका बैठकीत, व्हिडिओ पुढे न ढकलता, कॅमेरा सुरू ठेवून पाहायचा. दहा दिवसांच्या आत. मग प्रमाणपत्र.”

“सगळी उत्तरं बरोबर आली, लेखी आणि तोंडी,” ताई म्हणाल्या. “तरीही सहा तास?”

“मॅडम, उत्तरांचा प्रश्नच नाहीये.”

लॅपटॉप बंद झाल्यावर ताई उठल्या नाहीत.

“सुटलो बुवा,” डॉक्टर म्हणाले.

“रविवारी सकाळी नऊ,” ताई म्हणाल्या. “बाहेरच्या हॉलमध्ये. मी बघणार आहे ना सहा तास, तर तुम्ही अकराही जण बघणार. माझ्याबरोबर.”

“रविवारी? ताई, लोक ऐकायचे नाहीत. भूलवाला तर…”

“मग मी आत्ता मदतकक्षाला फोन लावते आणि नऊच्या जागी अकरा का, ते सांगते. मास्तरांकडे चौदा दिवसांच्या गोळ्या आहेत. वॉर्डात कोणाला लागत नाहीत. पहिले चौदा दिवस कपाट बंद राहिलं तर मला झोप येईल, तुम्हाला येईल का बघा.”

डॉक्टरांनी वहीकडे पाहिलं. ताईंच्या तिसऱ्या दिवसाच्या फोनखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

“चहा मी सांगतो,” ते म्हणाले.

रविवारी अकरा माणसं आली. भूलवाले साडेनऊला आले आणि आपण या विषयावर व्याख्यान देऊ शकतो असं म्हणाले. ताईंनी लॅपटॉप सुरू केला. लगेच पडद्यावर सूचना आली : ‘चौकटीत एकापेक्षा अधिक चेहरे दिसत आहेत.’ अकराही जणांना खुर्च्यांसकट उठून लॅपटॉपच्या मागच्या भिंतीला लागावं लागलं. तिथून त्यांना पडदा दिसत नव्हता, नुसता आवाज ऐकू येत होता आणि ताईंचा चेहरा दिसत होता. त्यामुळे डुलकी कोणालाच घेता आली नाही.

दर दहा मिनिटांनी संगणक विचारी, ‘आपण अजून उपस्थित आहात का?’ ताई ‘होय’ दाबत आणि भिंतीकडे पाहून एकेकाची हजेरी घेत. प्रत्येक भागानंतर प्रश्न येत. ताई प्रश्न मोठ्याने वाचत आणि हात मांडीवर ठेवून बसत. अकराही जणांचं एका उत्तरावर एकमत झाल्याशिवाय त्या बटण दाबत नव्हत्या. उत्तर चुकीचं असलं तर, “परत विचार करा.” तिसऱ्या भागातल्या एका प्रश्नावर सिस्टर आणि भूलवाले यांच्यात पंचवीस मिनिटं जुंपली आणि दोघंही चूक निघाले. चौथ्या भागात फॉर्मचा प्रश्न आला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

सहा तासांचे नऊ झाले. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली : ‘शंभरपैकी शंभर. आपण सरासरीपेक्षा बराच अधिक वेळ घेतला आहे. आपल्याला मदतीची गरज आहे का?’

ताईंनी ‘नाही’ दाबलं, जरा जोरातच.

बुधवारी प्रमाणपत्र आलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी साडेदहाला काकू आल्या, तेव्हा ताई किल्ली घेऊन पट्टीच्या आत उभ्या होत्या आणि संगणकापुढे मोठे डॉक्टर बसले होते. फॉर्म हिरव्या नंबरचा होता. काकूंनी खोकी काढून दिली. चार.

सगळ्यात वरच्या खोक्यावर एक दार होतं. दारात जमिनीवर एक रेघ, आत दोन माणसं संगणकावर वाकलेली, आणि रेघेच्या बाहेर एक बाई, तोंड उघडं, एक हात सरळ वर. केस, चष्मा, खिशातलं पेन, सगळं जागच्या जागी. हात जिथे वर गेला होता तिथे पेन्सिल दोनदा फिरलेली होती.

ताईंनी ते खोकं बाकीच्यांपासून वेगळं केलं आणि खण उघडला.

“ताई,” डॉक्टर म्हणाले.

“काय?”

“सहावा भाग. परत आलेलं प्रत्येक खोकं दोन माणसांसमोर फाडायचं. एकही ठेवायचं नाही. रिकाम्या खोक्यांत बनावट माल भरतात म्हणून.” त्यांनी खणाकडे बोट केलं. “आणि मागची जी खणात आहेत तीही.”

“एवढंच नेमकं लक्षात राहिलं का हो तुमच्या?”

“तुम्हीच माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत.”

ताई खोकं हातात धरून उभ्या राहिल्या. नियम बरोबर होता. त्यावर त्यांनी स्वतः बारा वेळा खूण केली होती. एकदाही चुकवली नव्हती, भूलवाल्यांच्या नावानेसुद्धा नाही.

“फाडा हो,” काकू खिडकीतून म्हणाल्या. “तुमचं नाक जमलंच नाहीये, असं ते म्हणतच होते. पुढच्या वेळी परत काढणारेत.”

ताईंनी खोकं आडवं फाडलं, मग उभं, मग बाकीची तीन आणि खणातलीही. डॉक्टरांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि लिहिलं : खोकी चार, मागची सगळीही, नष्ट. मग गोळ्या काढून, दोनदा मोजून पिशवीत भरल्या. शेवटच्या रकान्यात पुढची तारीख घालायची असते. ताईंनी चौदा दिवस मोजले आणि ती घातली.